दहापैकी चार

"मग, दादा काय म्हणतो तुमचा?" भोंगाकाकांनी चहाचा कप खाली ठेवत सहज विचारलं, आणि उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं तर आत काहीच नव्हतं. असं कसं होईल? शनिवारी पत्र आलं, रविवार सबंध त्याच्यावर घालवला, आज सकाळी कामावर येताना ते परत त्यालाच टपालात टाकलं. म्हणजे पंचवीस-तीस वेळा तरी ते नजरेखालून गेलं असेल. चार पानं होती, एवढं तर तिनं सकाळी काकांनाही सांगितलं होतं. पहिल्या पानावर बारा चुका, दुसऱ्यावर नऊ, तिसऱ्यावर सतरा, चौथं अर्धंच होतं तरी त्यात पाच. एकूण त्रेचाळीस कॉमे चुकलेले. कुठला हवा होता आणि नव्हता, कुठला नको तिथे येऊन बसला होता, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं घडाघडा सांगितलं असतं. पण दादा काय म्हणतो? तिनं रुमालानं उगाच ओठ पुसले आणि म्हणाली, "काही नाही, नेहमीचंच." "चार पानं भरून नेहमीचंच?" काका हसले. "सकाळपासून गालातल्या गालात हसताय म्हणून विचारलं हो, बाई. एकवीस वर्षांत तुम्हाला सोमवारी हसताना पाहिलं नव्हतं मी." तिनं कप उचलला. चहा गार झाला होता. पायरी आहे असं समजून अंधारात पाऊल टाकावं आणि तिथे पायरीच नसावी, तसं तिला झालं.

त्या छापखान्यात सगळा इंग्रजी मजकूर छापायला यायचा. कायद्याची जाडजूड पुस्तकं, औषधाच्या बाटलीबरोबरची घडीघडीची माहितीपत्रकं, शाळेची क्रमिक पुस्तकं, कधीमधी एखादी कादंबरी. प्रूफं तपासायची खोली मागच्या अंगाला होती, एकच खिडकी, आणि तीही समोरच्या भिंतीकडे उघडणारी. एका टेबलाला दोन माणसं. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं छापलेल्या कागदावर डोळे ठेवायचे. आणि वाचायचा म्हणजे नुसते शब्द नव्हेत. कॉमा, फुलस्टॉप, कंस सुरू, कंस बंद, नवा परिच्छेद, सगळं म्हणायचं, एका सुरात, ना चढ ना उतार. काकांचा आवाज यंत्रांच्या खडखडाटातून तिसऱ्या खोलीत ऐकू जाई म्हणून ते भोंगा, आणि त्यांना स्वतःला त्या नावाचा अभिमानच होता. ती ओळीतली चूक नखानं काटा काढावा तशी काढी म्हणून चिमटाबाई. पण हे पाठीमागे, तोंडावर नुसतं बाई. त्या खोलीचा कायदा एकच. ती आली त्या दिवशीच जुन्या मुख्य तपासनिसानं तिला तो ऐकवला होता: "बाई, मजकुरात रमायचं नाही. गोष्ट कळायला लागली की चूक दिसायची बंद होते." तिला तेव्हा गंमत वाटली होती. पण पुढे तिनं पाहिलं, काकांनी एक हातभर जाडीची कादंबरी तीन वेळा खणखणीत आवाजात वाचली आणि नायिका शेवटी मेली की जगली ते त्यांना त्यांच्या बायकोनं पुस्तक वाचून सांगितलं. एका आगीच्या चौकशीचा अहवाल दोघांनी मिळून आठ दिवस तपासला, आणि माणसं किती जळाली ते नवव्या दिवशी बाहेरच्या बाकावरच्या शिपायाकडून कळलं. सवयीचा परिणाम. हळूहळू तिला बसवरच्या पाट्या, डबीवरच्या सूचना, शेजाऱ्यांकडची आमंत्रणं सगळं तसंच दिसायला लागलं: आधी टिंबं आणि शेपट्या, आणि अर्थ मागाहून आला तर आला.

पण आज गोष्ट वेगळी होती. आज तिला राग आला होता, आणि तो काकांच्या प्रश्नाचा नव्हता. तो प्रश्न तिनं आधी ऐकला होता. याच शब्दांत. "दादा काय म्हणतो?" असं आईनं विचारलं होतं, अर्ध्याच तोंडानं, कारण दुसरं अर्धं तोंड अर्धांगवायूनं नेलं होतं. एकोणतीस वर्षं झाली त्याला. तेव्हाही ती हातात पत्र घेऊन उभी होती आणि तेव्हाही तिनं उत्तर दिलं होतं, "काही नाही."

ती एकोणीस वर्षांची होती. वडील आधीच गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली, आणि तिच्याहून तेरा वर्षांनी मोठा दादा लांबच्या शहरात इंग्रजीचा मास्तर. मास्तर म्हणजे कसा, तर नखशिखान्त. जेवताना कुणी म्हण चुकीची वापरली तर घास हातात धरून आधी ती दुरुस्त करणारा. धाकट्या बहिणीनं शहाणं व्हावं म्हणून त्यानं फर्मान काढलं होतं, मला पत्र लिहायचं ते इंग्रजीत; घरच्या भाषेत लिहिलंस तर मी पाकीट फोडणार नाही. आणि ती लिहायची बापडी, शब्दकोश मांडीवर घेऊन. तो तिला शहाणे म्हणायचा. "काय शहाणे, क्रियापद कुठे हरवलं?" तिला ते आवडायचंसुद्धा, हे आता तिला स्वतःशी कबूल करायला जड जाई. त्या वर्षी तिला त्याच्याच शहरात नकाशे काढायच्या शाळेत जागा मिळाली. साडेतीनशे अर्जांतून चौदा जणं घेतली होती, त्यातली ती एक. जागा घेते की सोडते ते बारा तारखेच्या आत कळवायचं होतं. आईला एकटं टाकणं शक्यच नव्हतं. म्हणून तिनं दादाला पत्र लिहिलं, आयुष्यातलं सगळ्यात लांब, पाच रात्री जागून: आम्हां दोघींना तिकडे घेऊन जा, मी सकाळी आईचं सगळं करून शाळेत जाईन, वहिनीला काडीचा त्रास होऊ देणार नाही, स्वयंपाकघरात झोपेन, फक्त हो म्हण. बारा तारखेच्या आत कळव. आठ तारखेला पाकीट आलं. तिनं ते उभ्या उभ्याच फोडलं. आत तिचंच पत्र होतं. त्यावर लाल शाईनं सतरा कॉमे घातलेले, नऊ खोडलेले, आणि खाली त्याच्या त्या वळणदार अक्षरात: दहापैकी चार. कॉमाचे नियम पाठ कर. बस्स. पाठपोट पाहिलं, पाकीट उलटं करून झटकलं, दिव्यासमोर धरलं. दुसरा एक शब्द नाही.

म्हणजे नाही म्हणाला. नाही म्हणायचीसुद्धा तसदी न घेता नाही म्हणाला. आपण इतके जिवाच्या आकांतानं हाका मारतोय आणि हा गृहस्थ आपल्या हाकेचे उच्चार सुधारतोय! तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती पुन्हा कधी खाली उतरलीच नाही. तेरा तारखेला नकाशाच्या शाळेतली जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. "त्याला कामं असतील गं," आई अर्ध्या तोंडानं म्हणाली. असतील ना. तिनं वडिलांच्या कपाटातून दादाचं जुनं व्याकरणाचं पुस्तक काढलं, त्याला बक्षीस मिळालेलं, पहिल्या पानावर त्याचं नाव, आणि कॉमाचा धडा उघडला. अकरा पानांचा होता. पाठ कर म्हणतोस ना? करते. आईला कुशीवर वळवताना एक नियम, पेज भरवताना एक नियम, चादर धुताना एक. यादीतल्या गोष्टींमध्ये कॉमा. आधी येणाऱ्या लांबलचक उपवाक्यानंतर कॉमा. कर्ता आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये मात्र कधीही, काही झालं तरी, कॉमा नाही. त्यांची ताटातूट करायची नाही. आणि जे काढून टाकलं तरी वाक्याचं काही अडत नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना कॉमा घालायचे, म्हणजे कुणालाही ते अलगद उचलून बाजूला ठेवता येतं. हा नियम तिला पहिल्यांदा वाचल्या वाचल्या कळला होता. त्यासाठी उदाहरणं लागली नाहीत. त्या घरातल्या वाक्यात दादा कर्ता होता, आणि दोन कॉमांच्या मध्ये कोण होतं ते सांगायला नको.

नऊ वर्षांनी आई गेली. दादा आला, रडला, व्यवस्थित वागला, परत गेला. एव्हाना तिनं बाहेरून परीक्षा दिल्या होत्या, छापखान्यात चिकटली होती, आणि डूख धरून बसली होती. लोकांना वाटतं डूख धरलेलं माणूस दातओठ खात हिंडतं. छे. ते फार टापटिपीचं असतं. दादाचं वर्षाला एक पत्र यायचं, इंग्रजीत, हवापाणी, शाळेचा निकाल, वहिनीची गुडघेदुखी. आणि ती वर्षाला एक कार्ड पाठवायची, तीन ओळींचं, आशयशून्य, पण असं बिनचूक की देवाला चूक काढता येऊ नये. त्याचं पत्र आलं की ती दार लावून घ्यायची, लाल पेन उघडायची आणि एक चूक शोधायची. एकच पुरे होती. पत्र परत पाठवायचं आणि खाली मार्क द्यायचे, एवढंच तिला आयुष्याकडून हवं होतं. इतर बायका काय काय मागतात, तिचं मागणं केवढंसं! पण हा पठ्ठ्या चुकायचा नाही. वीस पत्रं, एकवीस, बावीस. एकदा एका वाक्यावर ती चार दिवस अडून बसली होती, छापखान्यातली व्याकरणाची तिन्ही पुस्तकं पालथी घातली, आणि शेवटी तोच बरोबर निघाला. त्या दिवशी ती रडली होती. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्याचं पत्र आलं, तेसुद्धा बिनचूक. बायको गेली तरी याचा कॉमा हलला नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. पण पेनाचं टोपण तिनं लावलं ते पत्र शेवटपर्यंत तपासूनच.

आणि शनिवारी हे. पहिल्या ओळीतच कर्ता एकीकडे आणि क्रियापद दुसरीकडे, मध्ये कॉमा, निलाजरा, ढळढळीत! तिला आधी खरंच वाटेना. पुढच्या ओळीत आणखी एक. मग दोन. मुठीतून तांदूळ सांडावेत तसे कॉमे पडले होते. घोडामैदान आलं होतं. रविवारी तिनं सकाळीच न्हाऊन घेतलं, टेबल पुसलं, नवं पेन काढलं, आणि एकेक चूक अशी सावकाश, चवीचवीनं टिपली की संध्याकाळ कधी झाली कळलं नाही. शेवटी खाली लिहिलं, दहापैकी दोन. कॉमाचे नियम पाठ कर. चार द्यावेत असं क्षणभर वाटलं होतं. पण म्हटलं, कशाला? त्रेचाळीस चुकांना चार कोण देतं? आज सकाळी पाकीट पेटीत टाकताना आत पडल्याचा आवाज येईपर्यंत ती तिथे थांबली होती. तो आवाज अजून तिच्या कानात होता, आणि तेवढ्यात या काकांनी विचारलं, दादा काय म्हणतो.

"काका," ती म्हणाली, "मी वाचते. तुम्ही ऐका." "कागद कुठाय?" "कागद नकोय. पाठ आहे." काकांनी चष्मा वर सरकवला. एकवीस वर्षांत उलटं कधी झालं नव्हतं; ते वाचायचे, ती पाहायची. तिनं डोळे मिटले, त्याची ती चार पानं समोर आणली आणि सुरू केलं, खोलीतल्या त्याच सपाट सुरात. इंग्रजीच होतं सगळं, पण होतं ते असं: प्रिय बहीण कॉमा हे पत्र कॉमा मी तीन दिवस लिहितो आहे फुलस्टॉप शब्द कॉमा मला सापडेनासे झालेत फुलस्टॉप डॉक्टरांनी डोक्यात कॉमा गाठ आहे कॉमा असं सांगितलं फुलस्टॉप ती गुरुवारी कॉमा काढणार आहेत फुलस्टॉप. पहिलं पान संपून दुसऱ्याच्या मध्यावर ती आली. घरचं माणूस कॉमा सहीला लागतं कॉमा त्याशिवाय ते कॉमा हात लावणार नाहीत फुलस्टॉप. "थांबा," काका म्हणाले. ती थांबली नाही, थांबता येईना. तिसरं पान, ते सतरा चुकांचं: माझं कॉमा दुसरं कॉमा कुणी नाही फुलस्टॉप तू येशील का कॉमा. "इथे प्रश्नचिन्ह हवं," ती डोळे मिटूनच म्हणाली, "त्यानं कॉमा दिलाय." "बाई, थांबा हो!" काका चक्क ओरडले, पलीकडच्या टेबलावरचं वाचन बंद पडलं. आणि मग त्या शांततेत तिच्या तोंडून चौथ्या पानाची शेवटची ओळ बाहेर पडली, ती तिनं आत्ता पहिल्यांदा ऐकली. बुधवारच्या आत कळव.

पहिल्यांदा तिला काय वाटलं ते ती पुढे कुणाला सांगणार नव्हती. तिला वाटलं, बरं झालं. अस्सं पाहिजे. भोग आता. इतका नेमका सूड तिनं ठरवून उगवला नसता. आपण हाक मारावी आणि समोरच्यानं मार्क द्यावेत म्हणजे काय, ते आता कळेल त्याला. हा आनंद किती टिकला? काकांनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला, तेवढाच. कारण पाणी पिताना तिच्या मनात आलं, पण मी तर त्याला नाही म्हटलंच नाही. मी वाचलंच नव्हतं. पेला तिनं खाली ठेवला. मी वाचलंच नव्हतं. म्हणजे त्यानं तरी वाचलं होतं का? मास्तर होता तो. ढिगानं वह्या यायच्या घरी. त्या ढिगात पत्र पडलं असेल, लाल पेन हातात असेलच, हात चालला असेल. एकोणतीस वर्षं आपण ज्या नकारावर दात धरून जगलो, तो नकार कुणी दिलाच नसेल तर? मग आपली तरुण वर्षं कुणी घेतली? नाही म्हणणाऱ्या माणसानं निदान आपल्याकडे पाहिलेलं तरी असतं. याच्या डोळ्यांसमोरून आपण नुसत्याच, शेपट्या आणि टिंबांसकट, निघून गेलो की काय? हा अपमान त्या अपमानाहून मोठा होता. तिला काकांच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. गुरुवारी तो टेबलावर मेला, तर हे कधीच कळणार नव्हतं. हो की नाही, वाचलंस की नाही वाचलंस, एवढं एक त्याच्या तोंडून हवं होतं, आणि मग खुशाल मर. "काका, मला तीन दिवसांची रजा हवी," ती म्हणाली. "अहो बाई, रजा कसली मागताय, निघा! भाऊ आहे तो तुमचा." "म्हणून नाही," ती म्हणाली, पण काका तोवर तिची पिशवी आणायला उठले होते.

फोन करता आला नसता. आयुष्यभर वर्गात बोलल्यावर घरी कुणाशी बोलायचं नाही म्हणून दादानं फोन घेतलाच नव्हता. तार केली असती, पण तारेत काय विचारणार? मंगळवारी दिवसभर बसमध्ये ती सरळ समोर पाहत बसली. पलीकडे एक बाई मुलाला संत्रं सोलून देत होती. आपलं पाकीटही याच रस्त्यानं चाललंय, कुठल्यातरी पोत्यात, आपल्या पुढे की मागे, कोण जाणे. आधी आपण पोचावं असं तिला वाटे, आणि दुसऱ्या क्षणी वाटे, नको, आधी तेच पोचू दे. दादानं दार उघडलं तेव्हा तिनं त्याला आधी ओळखलं नाही. मान किती बारीक झाली होती त्याची! सदऱ्याची बटणं एक घर सोडून लावलेली. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की तिला रागच आला. "आलीस! पत्र... पत्र... ते हे... मिळालं तर!" "मिळालं," ती म्हणाली आणि आत गेली. घर तिनं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात, खिडकीखाली, एक माणूस ऐसपैस झोपेल एवढी जागा होती. तिनं ती डोळ्यांनी मोजली.

त्यानं इस्पितळाचा कागद तिच्यापुढे ठेवला. "सही कर. उद्या संध्याकाळी... दाखल." "उद्या बघू," ती म्हणाली. तो गोंधळला. तिनं भात-वरण केलं, तो जेवला, पाण्याला त्यानं तीनदा काहीतरी वेगळंच म्हटलं आणि शेवटी बोट दाखवलं. तोंडाशी आलेला प्रश्न तिनं गिळला. आज नाही. पाकीट येऊ दे. तिचं असं ठरलं होतं की त्याच्या डोळ्यांसमोर ती लाल पानं असतील तेव्हाच विचारायचं. आधी त्यानं ती चव घ्यायला हवी. सही तिच्या मुठीत होती आणि ती मूठ तिनं आवळून धरली होती. दुष्टपणा होता तो, ती जाणून होती, आणि तरीही त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

बुधवारी अकराच्या सुमाराला टपाल आलं. पाकिटावरचं तिचं अक्षर पाहून त्यानं तिच्याकडे पाहिलं, हसला, "तू तर... इथेच," म्हणाला आणि फोडायला लागला. ती खिडकीशी पाठ टेकून उभी राहिली. हा क्षण तिनं एकोणतीस वर्षं शिजवला होता, कितीतरी परींनी: तो लाल होईल, तो पांढराफटक पडेल, पानं त्याच्या हातून गळतील. तो चष्मा लावून टेबलाशी बसला, पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. तिसऱ्यावर आला आणि त्याची मान एकदम ताठ झाली. "हा का काढलास?" "कुठला?" "हा. हा बरोबर होता." "कसा बरोबर? वाक्य अर्धं तर तुटतंय." "दोन वाक्यं आहेत, शहाणे. दोन्हीं-दोन्हींना... कर्ता आहे. बघ नीट." आणि काय सांगावं, शब्द अडखळणाऱ्या त्या माणसाला कॉमाचा नियम एका दमात सांगता आला, पान क्रमांकासकट. ती वाकली. दोघांची डोकी त्या ओळीवर एकत्र आली. त्याच्या अंगाला औषधाचा वास येत होता. त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्रेचाळीस नव्हत्या, बेचाळीसच होत्या. सुंभ जळाला तरी पीळ काही गेला नव्हता, आणि तिच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. एवढ्या वर्षांनी एकच वार करायचा, तोही पुरता बसू नये?

मग त्यानं पान उलटलं आणि शेवटी लिहिलेलं पाहिलं. ते त्यानं बोट ठेवून ठेवून वाचलं. दहापैकी दोन. कॉमाचे नियम पाठ कर. "हे... हे मी कुठेतरी..." "तूच लिहिलं होतंस," ती म्हणाली. "मला. मी एकोणीस वर्षांची होते. मला चार दिले होतेस." "चार," तो म्हणाला. चाचपडत होता. "माझं पत्र तू वाचलं होतंस?" "सगळी वाचायचो की. तुझी सगळी पत्रं..." "ते नाही. बारा तारखेचं." "कसली बारा तारीख?"

त्याच्या चेहऱ्याकडे ती पाहत राहिली. आता याला खोटं बोलता येत नाही. खोट्याला शब्द पटकन सापडावे लागतात. तिथे काहीच नव्हतं. लपवलेलं नव्हतं, विसरलेलंसुद्धा नव्हतं. ते आत कधी गेलंच नव्हतं. सोमवारपासून तिला हेच वाटत होतं आणि तरी आता ऐकताना ती समोरच्या खुर्चीत बसली. "त्या वर्षी गं," तो म्हणाला, कपाळाला आठ्या घालून, कुठून तरी लांबून ओढून आणत, "तीन वर्गांच्या वह्या होत्या माझ्याकडे. तुझं पत्र त्याच्यात..." त्यानं हातांनी ढीग दाखवला. त्याचे हात हवेत तसेच राहिले. हळूहळू त्याचं लक्ष समोरच्या लाल पानांकडे गेलं, मग तिच्याकडे, मग परत पानांकडे. आणि वर्गातल्या मठ्ठ मुलाला कधीतरी उशिरा का होईना उमजतं तसं त्याला काहीतरी उमजायला लागलं. "काय होतं त्यात?" त्यानं विचारलं. "काय मागितलं होतंस तू?"

एकोणतीस वर्षं या प्रश्नासाठी ती जगली होती, हे तिला आत्ता कळलं. मार्कांसाठी नव्हे, लाल शाईसाठी नव्हे. काय मागितलं होतंस? सगळं तिच्या ओठांशी आलं, नकाशाची शाळा, चौदा जणं, खिडकीखालची एवढीशी जागा. तिनं ते तिथेच थोपवलं आणि इस्पितळाचा कागद ओढून घेतला. दोन पानं होती, इंग्रजीत, बारीक टायपात. तिनं ती वाचली. छापखान्यातल्यासारखी नव्हे, माणसं वाचतात तशी, ओळीखाली बोट धरून, अर्थ कळेपर्यंत थांबत. रुग्ण दगावू शकतो. बोलणं जाऊ शकतं. ऐकलेलं समजेनासं होऊ शकतं. नातेवाइकाला याची कल्पना दिलेली आहे. कॉमे कुठे होते, होते की नव्हते, तिनं पाहिलं नाही. वाचून झाल्यावर तिनं परत पहिल्यापासून वाचलं. मग पिशवीतून पेन काढलं. नेमकं लालच हाताला लागलं, ते ठेवून दिलं, त्याच्या टेबलावरचं निळं घेतलं आणि सही केली.

"सांग ना," तो म्हणाला.

"उद्या. जागा झालास की सांगेन."

"आत्ताच सांग गं. उद्या मला कळलं नाही तर? त्या कागदात त्यांनी..."

"वाचलंय मी ते," ती म्हणाली. "मी एकोणतीस वर्षं न कळता काढली, दादा. तू एक रात्र काढ."

त्यानं तोंड उघडलं आणि तो शब्द शोधत राहिला. तिनं वाट पाहिली नाही. ती उठली, त्याच्या सदऱ्याची बटणं सोडून नीट लावली, आणि इस्पितळात न्यायच्या पिशवीत त्याचा टॉवेल आणि साबण भरायला घेतला.